उघड्या डोळ्यांचा फोटो

शिरूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला वाचणं-लिहिणं बेतानं करायला सांगितलंय. साखर डोळ्यांत उतरलीय म्हणतात. जे लिहायचं असेल ते आताच लिहून घ्या, असं काही ते म्हणाले नाहीत, पण त्यांच्या गप्प बसण्यावरून मी समजायचं ते समजले. म्हणून मधलं सगळं सोडून हे प्रकरण आधी लिहायला घेतलंय. शाळा, कॉलेज, माझं लग्न हे पुढे जमलं तर जमलं, नाही जमलं तर कुणाचं काही अडत नाही. आईच्या फोटोचं मात्र सांगायलाच हवं, कारण ते माहीत असलेली आता मी एकटीच उरलेय. थोडक्यात सांगणं मला येत नाही. आमच्या घरात ते एकट्या आप्पांना, माझ्या वडिलांना यायचं, आणि आप्पा तर बोलायचेच नाहीत.

आमचं फोटो-फ्रेमचं दुकान दौंडला, स्टेशनकडून गावात येणाऱ्या रस्त्यावर. पुढे दुकान, मागे दोन खोल्या, मधे पडदा. पडदा नावालाच होता; अलीकडचं सगळं पलीकडे जायचं आणि पलीकडचं अलीकडे यायचं. सकाळी चहाच्या आधी आप्पांची करवत सुरू व्हायची, फ्रेमच्या पट्ट्या कोनात कापायचा तो खर्र खर्र आवाज, मग हातोडी, मग शेजारच्या पानवाल्याचा रेडिओ. यार्डात मालगाडीचे डबे जोडताना जो धडाड धडाड आवाज होतो त्यानं दुकानात उभ्या करून ठेवलेल्या काचा किणकिणायच्या आणि आई भाकरी थापता थापता हात थांबवून ऐकायची, एखादी तडकली की काय म्हणून. तिच्या पिठाच्या डब्यात लाकडाचा भुसा जायचा आणि आप्पांच्या सरसाच्या भांड्यात पीठ. हुलग्याची शेंगोळी ती अशी करायची की लसणाच्या वासानं गिऱ्हाईक पडद्याकडे बघायला लागायचं. बाहेर एखादी बाई नवऱ्याच्या फोटोला सोनेरी पट्टी घालू की काळी, यावर डोळे पुसत विचार करतेय आणि आत शेंगोळी रटरटतेय, अशा घरात मी वाढले. मला त्यात काही विचित्र वाटायचं नाही. जेवायची वेळ झाली की आम्ही जेवायचो.

फोटो म्हटलं की आमच्याकडे बहुतेक गेलेल्या माणसांचेच. लग्नाचे, बारशाचे यायचे, नाही असं नाही, पण दुकान चालायचं ते दहाव्यावर. माणूस गेलं की दहाव्याला घाटावर खुर्चीत फोटो ठेवायचा, हार घालायचा, त्यासाठी घरचे लोक दोन-तीन दिवसांतच आमच्या दारात उभे राहायचे. हातात काय असायचं? रेशनकार्डाचा तुकडा, जत्रेतला ग्रुप फोटो, भाच्याच्या लग्नात मागच्या रांगेत उभा असलेला म्हातारा, तोही अर्धा. त्यातून आप्पा माणूस उभा करायचे. फेटा घालायचे, बटणं लावायचे, मागे निळं आभाळ टाकायचे. कधी कधी तर एकही फोटो नसायचा आणि लोक गेल्यानंतर काढलेलाच घेऊन यायचे, नाकात कापूस घातलेला. मग कापूस काढायचा आणि डोळे उघडायचे. आमच्या धंद्यात त्याला असंच म्हणायचे, डोळे उघडणं. आप्पांच्या कॉम्प्युटरमध्ये ‘डोळे’ नावाचं एक फोल्डरच होतं. म्हाताऱ्यांचे, बाप्यांचे, बायांचे, पोरींचे, वर्षानुवर्षं आलेल्या फोटोंतून उचलून ठेवलेले डोळे. त्यातले जुळणारे घ्यायचे आणि बसवायचे. घरच्यांना ओळखू यायचं नाही. उलट म्हणायचे, आमच्या तात्यांची नजर काय हुबेहूब आलीय.

मग कॅनव्हास आला. तोवर कागदावरचा फोटो आणि वर काच एवढंच होतं. पुण्यात लोक कापडावर फोटो छापून लाकडी चौकटीवर ताणून लावायला लागले होते, काच नाही, चकाकी नाही, जवळून बघितलं तर रंगवल्यासारखं वाटायचं. आप्पांनी हिय्या करून मशीन आणलं. त्याचं काम मला फार आवडायचं, अजून आवडतं, इथे शिरूरला मी तेच करते. छापलेल्या कापडावर आधी लॅकरचे हात द्यायचे, वाळू द्यायचे, मग चौकटीवर ताणायचं. लॅकर दिलं नाही तर दुमडीवर रंग फुटतो, आतलं पांढरं कापड दिसायला लागतं. आप्पा सगळ्यांना एवढं एकच वाक्य शिकवायचे, “घडीवर रंग फुटतो, ध्यानात ठिवा.” ताणायचं काम मात्र ते दोघांनी मिळून करायचे. आई पक्कडीनं कापड ओढून धरायची आणि आप्पा स्टेपलर गननं पिना मारायचे. ठाक. ठाक. मधे एक शब्द नाही. झालं की आई कॅनव्हासवर बोटानं टिचकी मारायची. टण्ण वाजलं तर बरोबर, बद्द वाजलं तर पुन्हा काढायचं. आप्पांची आणखी एक रीत होती. सुरुवातीला आणलेलं कापड पातळ होतं, मागच्या लाकडाची रेघ पुढून उठायची, म्हणून ते आत अस्तर लावायचे. बिघडलेला, रंग चुकलेला जुना प्रिंट आधी चौकटीवर बसवायचा आणि त्याच्यावरून खरा फोटो ताणायचा. तालुक्यातल्या कितीतरी फोटोंच्या आत असं कुणी ना कुणी दुसरंच माणूस आहे, आणि घरच्यांना त्याचा पत्ता नाही.

आता आईचं. माझी आई इनामगावची, घोडनदीच्या काठची. नाव सुमन. तिच्या लहानपणी गावाजवळ पांढरीच्या टेकाडात खोदकाम चालायचं, जमिनीखालून जुनी घरं, मडकी, मडक्यांत पुरलेली लहान पोरं निघालेली तिनं ऐकलं होतं. ती म्हणायची, “आमच्या गावात मेलेली पोरं बी जपून ठिवलेली घावली. आन् तुमच्या आप्पांच्या दुकानात माझा येक फोटू घावंना.” आणि हसायची. खरंच नव्हता. म्हणजे फोटो होते, पण डोळे उघडे असलेला एकही नव्हता. लग्नातल्या सगळ्या फोटोंत मान खाली आणि डोळ्यांवर मुंडावळ्या. मतदान कार्डावर तर आई चक्क झोपलेली आहे. शिरूरला मामेभावाच्या लग्नात आम्ही सगळे एका ओळीत उभे आहोत, मामा दात काढून हसतोय, मी बांगड्या दिसाव्यात म्हणून हात पुढे धरलेत आणि मधे आई डोळे मिटून, देवापुढे उभी राहिल्यासारखी. फ्लॅशची सवय नाही म्हणून मिटते, असं सगळे धरून चालायचे. आप्पा चिडवायचे, “साऱ्या तालुक्याचं डोळं म्या उघडलं, हिचं तेवढं राहिलं.”

पण फ्लॅशचं कारण नव्हतं, हे मला पुढे मामानं सांगितलं. आईचा एक डोळा किंचित तिरपा होता. तिरळी म्हणावं इतका नाही, नव्या माणसाला कळायचंही नाही. ती दमली की, किंवा तुमच्याकडे टक लावून बघायला लागली की, तो जरासा बाहेरच्या बाजूला सरकायचा. शाळेत पोरांनी त्यावरून तिला फार छळलं होतं. मला तर तो डोळा भारी आवडायचा. ती माझ्याकडे बघतेय आणि त्याच वेळी माझ्या पाठीमागे कोण आलंय तेही बघतेय असं वाटायचं. खोटं बोलायची सोय नाही. मी चोरून चिंचा खाल्ल्या की ती नुसती बघायची आणि मी चिंचोके तिच्या हातावर ठेवायचे.

मशीन बसवायला पुण्याच्या कंपनीतून राकेश नावाचा पोरगा आला होता. बिहारकडचा, बोलका, दुपारी आमच्यातच जेवला. आईच्या शेंगोळीचं पहिल्यांदा त्याला काही कळेना, मग दोन वाट्या खाल्ल्या. जेवणानंतर त्यानं मशीन सुरू केलं आणि आई चहाचे कप घेऊन पडद्यातून बाहेर आली. मशीनचं ते डोकं इकडून तिकडे सरसरत जातंय आणि पांढऱ्या कापडावर काहीतरी उमटतंय, हे बघत ती दारातल्या उजेडात तशीच उभी राहिली, ट्रे हातात धरून. राकेशच्या गळ्यात कॅमेरा होता. त्यानं फ्लॅश न टाकता फोटो काढला, तिला कळलंही नाही. लगेच आपल्या लॅपटॉपवरून मशीनला दिला आणि म्हणाला, “चाचीजी, अब देखिए, आपका ट्रायल लेता हूँ.” कापड हळूहळू खाली सरकायला लागलं. आधी आईचं कपाळ आलं, मग कुंकू, मग भुवया. आम्ही तिघं वाकून बघत होतो. मग डोळे आले. आप्पा हलक्या आवाजात म्हणाले, “डोळं उघडं हायती.”

मी तो फोटो डोळ्यांपुढे आणायचा आजही प्रयत्न करते. पदर डोक्यावरून घसरलेला, हातात ट्रे, ओठ थोडे विलगलेले, समोर काय होतंय त्याचं नवल वाटत असलेली माझी आई. आणि तिची ती नजर, एक डोळा मशीनवर आणि दुसरा जरासा पलीकडे. आई बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग तोंडाला पदर लावून म्हणाली, “माझं आसं दिसतं व्हय तुमाला?”

आप्पा म्हणाले, “आसंच दिसतं.” त्यांनी ते कौतुकानं म्हटलं होतं. आई ट्रे तिथेच ठेवून आत गेली.

मी म्हणाले, याला लॅकर देऊन छान चौकटीत लावू. आई आतून म्हणाली, “लावू की. काय घाई हाय?” ट्रायलचा प्रिंट म्हणून त्यावर लॅकर दिलंच नाही, गुंडाळून माळ्यावर टाकला. त्यानंतर दुकानात कामाची इतकी झुंबड उडाली की कुणाला त्याची आठवण राहिली नाही. वरवंडच्या एका मोठ्या बागायतदार घरातले आबा वारले होते, त्यांचा दोन हात उंचीचा कॅनव्हास ही आमची पहिली मोठी ऑर्डर. तो लावला आणि सगळीकडून विचारणा सुरू झाली.

पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी आईला ताप आला. डेंग्यू निघाला. दौंडहून पुण्याला नेलं, आणि आठवडा व्हायच्या आत ती गेली. याच्यावर मला अधिक लिहिता येणार नाही. दवाखान्याच्या पायरीवर आप्पा बसले होते आणि त्यांच्या हातात आईची चप्पल होती, एवढं लिहिते.

चौथ्या दिवशी दुपारी आप्पा कॉम्प्युटरपुढे जाऊन बसले. घरात बायका बसल्या होत्या, कुणीतरी डाळभात पाठवला होता तो झाकलेला तसाच. मी पडद्याशी उभी होते. आप्पांनी मामेभावाच्या लग्नातला फोटो उघडला, मामाला कापलं, मला कापलं, आई एकटी ठेवली. मागे निळं रंगवलं. चेहरा चांगला होता, फक्त डोळे मिटलेले. मग त्यांनी ते ‘डोळे’ फोल्डर उघडलं. एकेक जोडी मोठी करून बघायचे आणि बंद करायचे. कुणाच्या कुणाच्या बायकांचे डोळे आमच्याकडे बघत होते. आप्पांचा हात माऊसवर तसाच थांबला. मग मागे न बघता म्हणाले, “वैशे, हिकडं ये. खिडकीकडं तोंड करून बस.”

मी बसले. त्यांनी कॅमेरा आणला.

“खिडकीकडं बघ. आता माझ्याकडं. रडू नगं, डोळं लाल येत्यात.”

मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही, हे खरं सांगते. परक्या बाईच्या डोळ्यांपेक्षा माझे बरे, असंच वाटलं. मी रडायचं थांबवलं, सरळ बघितलं, आणि त्यांनी माझे डोळे काढून आईला लावले. भुवयांखाली थोडी सावली केली, कडेला दोन सुरकुत्या ओढल्या. कॅनव्हास छापला, तीन हात लॅकरचे दिले. ताणायची वेळ आली तेव्हा पक्कड मी धरली. मला आईसारखं ओढता येत नव्हतं. पहिल्यांदा टिचकी मारली तर बद्द वाजलं, पुन्हा सगळ्या पिना काढाव्या लागल्या.

दहाव्याला भीमेच्या घाटावर खुर्चीत आई बसवली. बायका म्हणाल्या, किती देखणी दिसतीया, आता बोलंल असं वाटतंय. आप्पा खाली मान घालून उभे. कावळा लवकर शिवला, लोकांना बरं वाटलं. मामा मात्र फोटोसमोर बराच वेळ थांबला. तो आईहून थोरला, शेतकरी माणूस, आप्पांशी नेहमी अदबीनं बोलणारा. म्हणाला, “दाजी, फोटू झ्याक केलाय तुम्ही. पर ही आमची सुमी न्हाई. सुमी कवा अशी सरळ बघायची व्हय?” आणि मग त्यानं त्या शाळेतल्या पोरांचं सांगितलं, मिटल्या डोळ्यांचं सांगितलं. आप्पांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि फोटो पुसला. फोटोवर काही नव्हतं.

मामा बोलला आणि माझ्या डोक्यात एकदम राकेशचा फोटो आला. घरी येताच मी माळ्यावर चढले. सगळी भेंडोळी उलगडली. आई नव्हती. राकेशला फोन लावला. तो बिचारा रडायलाच लागला, म्हणाला, “दीदी, वो तो ट्रायल था, उसी दिन डिलीट कर दिया था. चाचीजी ने ही बोला था.” मी फोन ठेवला आणि आप्पांपुढे उभी राहिले.

“आप्पा, माळ्यावरचा आईचा प्रिंट कुठाय?”

“माळ्यावर न्हाई.”

“ते बघितलं मी. कुठाय मग?”

आप्पा पट्टी तासत होते, तासतच राहिले. म्हणाले, “वरवंडला. आबांच्या फोटूखाली. अस्तर लावलंय.”

मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. ते एक शब्दही उलट बोलले नाहीत. तेरावं उरकलं आणि आम्ही मोटारसायकलवरून वरवंडला गेलो. हायवेला लागून मोठं घर, ओसरीवर पोती, आत बैठकीत समोरच्या भिंतीवर आबा, फेटा बांधलेले, चंदनाचा हार घातलेले. मी त्यांच्याकडे बघत नव्हते. मी त्यांच्या आरपार बघू पाहत होते. आबांच्या पत्नीला सगळे काकू म्हणायचे. आप्पांनी चाचरत सांगितलं ते त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मग पदर सावरून म्हणाल्या, “म्हंजी इतकं दिस माझ्या मालकाच्या मागं तुमची बायकू व्हती व्हय?”

आप्पा म्हणाले, “व्हय.”

“चांगलं केलं. दोघं एकमेकाच्या सोबतीला.” त्या हसल्या नाहीत. “पर दादा, आमच्यात वर्षश्राद्ध व्हस्तवर फोटू भितीवरनं हालवीत न्हाईत. येकदा लावला की लावला. घरात मानसं हायती, लेकरं हायती, कमीजास्त झालं तर मला बोलत्याल. वर्ष झालं की या, मी सवता काढून देते.”

आमचीच रीत होती ती. किती गिऱ्हाइकांना आप्पांनी स्वतः सांगितली असेल, वर्षभर हलवू नका म्हणून. आम्ही चहा घेतला आणि परत आलो.

मग ते थांबणं. आबांचं वर्ष भरायला हिवाळा जावा लागणार होता. घरात आम्ही दोघंच. मी भाकरी करायची, ती कडेला फाटायची, आप्पा तशीच मोडून खायचे. शेंगोळी मी करून बघितली, तिचा नुसता गोळा झाला. पण एक गोष्ट होती त्या दिवसांत, आम्हाला वाट बघायला काहीतरी होतं. आप्पांनी सागाची पट्टी आणली, गिऱ्हाइकाला कधी वापरली नसती अशी, आणि हातानं तासून, घासून, पॉलिश करून चौकट तयार करून ठेवली. दुकानात कुणी विचारलं तर म्हणायचे, “घरचं काम हाय.” भिंतीवरच्या त्या सरळ बघणाऱ्या फोटोकडे आम्ही दोघंही बघत नव्हतो. मी मनाशी म्हणायचे, ही तात्पुरती आहे, खरी वरवंडला आहे. कधीकधी एस.टी.नं त्या रस्त्यानं जाताना मला खिडकीतून ते घर दिसायचं आणि बरं वाटायचं, आई आत आहे म्हणून.

वर्षश्राद्ध झालं आणि काकूंनी निरोप धाडला. त्यांनी खरंच स्वतः स्टुलावर चढून आबांना उतरवलं, पदरानं पुसलं, जमिनीवर सतरंजी टाकून त्यावर पालथं ठेवलं. मागे कडेनं आबांच्या कॅनव्हासची दुमड, तिच्यावर पिना. आप्पा पातळ स्क्रू ड्रायव्हरनं एकेक पीन उचलत होते, मी पक्कडीनं ओढत होते. आबा निघाले, ते गुंडाळून काकूंच्या मांडीवर दिले. चौकट सुलटी केली. खाली आई होती.

आधी मला तिचे हात दिसले. ट्रे, तीन कप, बांगड्या. मग पदराचा काठ, गळा, हनुवटी, ते विलगलेले ओठ, नाक. रंग सगळा जसाच्या तसा, कालच छापल्यासारखा. त्याच्या वर चौकट संपत होती. कापड चौकटीपेक्षा लांब होतं, आणि खालून बरोबर धरून वरचं जास्तीचं मागे दुमडलं होतं. आप्पांनी ती दुमड सोडली, कापड सरळ केलं. कपाळ आलं, कुंकू आलं, भुवया आल्या. आणि भुवया आणि नाकाच्या मधे, ह्या कानापासून त्या कानापर्यंत, दोन बोटांची पांढरी पट्टी होती. लाकडाच्या धारेवर वर्षभर ताणून राहिलेलं, लॅकर नसलेलं कापड. रंगाचे पोपडे आबांच्या कापडाला पाठीमागे चिकटून निघाले होते, बाकीचे सतरंजीवर पडले. काळे, तपकिरी. मी ते बोटानं गोळा करायला लागले. काकू म्हणाल्या, “राहू दे पोरी.”

घडीवर रंग फुटतो. आप्पांना ते पहिल्या दिवसापासून माहीत असणार. माझ्या भाकऱ्या खात, सागाची चौकट तासत, ते माहीत असूनच वाट बघत होते.

काकूंनी विचारलं, “दादा, घरच्या लक्षुमीचा फोटू असा आत कशापायी लावला तुम्ही?”

आप्पांनी पहिल्यांदा वर बघितलं. “तिनंच आणून दिला. मी दुसरं अस्तर काढून ठिवलं व्हतं. तर माळ्यावरनं हा घिऊन आली, म्हनली हा लावा. मी म्हनलं अगं चांगला हाय की. तर म्हनली, डोळा बघा कसा दिसतोय, ह्यो कुणी बघायच्या आधी झाकून टाका. तिकडून तिनंच वढून धरला. मी पिना मारल्या.” हातातला स्क्रू ड्रायव्हर सतरंजीवर ठेवून म्हणाले, “मी न्हाई म्हनायला पायजे व्हतं. मला वाटलं, दुसरा काढू. घरातलीच बाई हाय, कवाबी काढू.”

आबांना पुन्हा चौकटीवर ताणून भिंतीला लावून दिलं आणि आईची गुंडाळी मांडीवर घेऊन मी मोटारसायकलवर मागे बसले. दुकानात येऊन आप्पांनी तो कॅनव्हास भिंतीला लावून त्याचा फोटो काढला, कॉम्प्युटरवर घेतला आणि खुर्ची ओढून बसले. मला आशा वाटली. बाकी सगळा चेहरा खरा होता, नुसती एक पट्टीच भरायची होती. माझेच डोळे घेऊ, म्हणाले, पण आता तिच्यासारखा करू, जरा सरकवू. त्यांनी डोळे आणून बसवले. मग थांबले.

“डावा व्हता ना गं?”

“उजवा, आप्पा.”

“तिचा उजवा का आपल्या बाजूचा?”

मी सांगायला तोंड उघडलं आणि मला सांगता येईना. मी आईला समोर उभी केली, चिंचोके घेऊन तिच्यापुढे उभी राहिले, आणि एकदा हा डोळा सरकायचा, एकदा तो. आप्पांनी डोळे मिटून घेतले होते. इतकी वर्षं संसार केलेला माणूस, समोरासमोर कापड ओढून धरणारी बायको, आणि ते चाचपडत होते. मामाला फोन केला. तो आधी ठामपणे म्हणाला डावा, मग म्हणाला थांब, आणि मग बराच वेळ फोनवर नुसता त्याच्या गोठ्यातल्या म्हशींचा आवाज येत राहिला.

आप्पांनी एकदा डावा सरकवून बघितला, एकदा उजवा. दोन्ही वेळेला ती कुणीतरी वेगळीच बाई झाली. मग त्यांनी सगळं बंद केलं. तेव्हाच ते ‘डोळे’ फोल्डरही काढून टाकलं, आणि पुढे कितीही मोठं गिऱ्हाईक आलं तरी कुणाचे डोळे उघडले नाहीत. मीही उघडत नाही. लोक रागावतात, दुसऱ्या दुकानात जातात. सागाची चौकट रिकामीच राहिली. आप्पा गेले तेव्हा त्यांचा फोटो मी तिच्यात लावला. त्यांचे खूप फोटो होते, सगळे नीट.

तो फुटलेला कॅनव्हास माझ्या कपाटात आहे, सुती साडीत गुंडाळून. काढून बघत नाही. भिंतीवर मात्र दहाव्याचाच फोटो आहे, तो उतरवायचा कसा आणि उतरवून लावायचं काय? माझी लेक म्हणते, आजीचे डोळे अगदी तुझ्यासारखे. माझे तरी आता कुठे तसे राहिलेत. ते एकोणिसाव्या वर्षाचे, रडू आवरलेले डोळे. संध्याकाळी दिवा लावायला मी त्या भिंतीपाशी जाते, हल्ली जरा जवळ जावं लागतं, आणि ती माझ्याकडे सरळ बघते. आई माझ्याकडे अशी सरळ कधीच बघत नव्हती.